धुतलेली खडी

आमचे साडूभाऊ दगड धुवायचे. हसू नका, त्यांची नोकरीच ती होती. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीसाठी हे स्थळ आलं तेव्हा मध्यस्थाने सांगितलं, मुलगा प्रयोगशाळेत आहे. सासूबाई हरखल्या. त्यांना वाटलं औषधं बनवत असेल, घरात खोकल्याला तरी काही मिळेल. लग्नानंतर त्या कौतुकाने नव्या जावयाची प्रयोगशाळा बघायला गेल्या, तर जावई कोपरापर्यंत बाह्या सारून पसरट घमेल्यात खडी चोळत बसलेला. बायका तांदूळ धुतात तशी, पाणी ओतायचं, खळखळवायचं, गढूळ पाणी काढून टाकायचं. सासूबाई घरी आल्या, पाय धुतले, चहा घेतला आणि एवढंच म्हणाल्या की मुलगा स्वच्छ आहे.

स्वच्छ म्हणजे किती, ते आम्हाला पुढे कळत गेलं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो की साडूभाऊ दारातच रेंगाळायचे. अंगणात टाकलेल्या खडीतला एक दगड उचलायचा, अंगठ्याने घासायचा, अंगठा बघायचा, मग दगड हुंगायचा. लोक फुलं हुंगतात, आमचे साडूभाऊ खडी हुंगत. आत यजमान चहा गार होतो म्हणून ताटकळलेले आणि हे बाहेर अंगठा न्याहाळतायत. मेहुणी म्हणायची, यांच्याशी भांडायचं म्हणजे आधी हात धुऊन यावं लागतं.

प्रयोगशाळेत त्यांचं नाव पडलं होतं धुवटराव. हे नाव ठेवणारा त्यांचा जोडीदार. त्याच्याकडे हातोड्याचं यंत्र होतं: लोखंडी वाटीत खडी भरायची, वरून जड हातोडा सोडायचा आणि किती चुरा होतो ते बघायचं. त्याला सगळे ठोक्या म्हणत. आयुष्यभर तो आवाज ऐकून ठोक्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो बोलायचा मोठ्याने. त्याच्या कानात सांगितलेली गोष्ट तो फाटकावरच्या शिपायाला ऐकू जाईल अशा आवाजात परत विचारायचा. पुढे याच गोष्टीने साडूभाऊंची पंचाईत केली.

मी सातवी पास माणूस, पण साडूभाऊंच्या संगतीने मला एवढं कळलं की काँक्रीटमध्ये नाव सिमेंटचं होतं आणि भार वाहते खडी. खडी चपटी आहे का, किती पाणी पिते, मार किती सोसते, सगळं बघावं लागतं. आणि अंगाला माती किती आहे हेही. ती बघायची रीत साधी. खडी वाळवून तोलायची, धुवायची, परत वाळवून तोलायची. जे वजन कमी झालं ती माती. दगडाला मातीचं अस्तर असलं की सिमेंट धरतं ते मातीला, दगडाला नाही. भिंतीवरच्या धुळीवर कागद चिकटवल्यासारखं.

पण पोतंभर खडी कोण तपासत बसणार? म्हणून ते वाटे करत. सगळी खडी जमिनीवर ओतायची, ढीग करायचा, दाबून भाकरीसारखा पसरायचा, त्यावर अधिकाच्या चिन्हासारख्या दोन रेघा ओढायच्या. समोरासमोरचे दोन वाटे ठेवायचे, दोन काढून टाकायचे. उरलेल्याचा परत ढीग, परत रेघा. शेवटी हाती येते ती थोडीशी खडी, पण सगळ्या पोत्याची साक्ष देणारी. तिच्यातला एक वाटा हातोड्यासाठी धुवायचा आणि एक मातीच्या तपासणीसाठी जसा आला तसा ठेवायचा. म्हणजे वाटे आधी, पाणी नंतर. साडूभाऊंनी हे नव्या माणसांना शिकवण्यात उभा जन्म घालवला होता.

आणि चुकले तेच.

झालं असं. एका शाळेची नवी इमारत बांधायला घेतली होती. जुनी पाडून वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरत होते. साडूभाऊंची मुलगी त्या शाळेत शिक्षिका. ठेकेदाराच्या खाणीची जुनी बाजू संपली होती, नवी बाजू फोडली होती, तिथल्या खडीची दोन पोती तपासायला आली. आणि नेमके त्याच दिवशी प्रयोगशाळा बघायला मोठे पाहुणे येणार होते. त्यांनी शिफारस केली तर नवी यंत्रं मिळायची होती. सकाळपासून धावपळ. फरशी दोनदा पुसलेली. ठोक्यासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून आलेला आणि त्या शर्टाला जपत हातोड्यापासून हातभर लांब उभा.

साडूभाऊंनी पोतं उघडलं, आत पिवळट धूळ दिसली. आता ही त्या लखलखत्या फरशीवर ओतायची? त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी दोन्ही पोती बाहेरच्या नळावर नेली आणि सगळी खडी तिथे छान धुऊन काढली. मग ती काळीभोर, ओली खडी आत आणून फरशीवर ढीग केला. तोवर पाहुणे दारात. पाहुण्यांसमोर त्यांनी रेघा ओढल्या, वाटे केले, वाळवले, तोलले, आणि दुपारी मातीची तपासणीही त्यांच्यासमोरच केली. धुण्याचं पाणी काचेच्या भांड्यात धरून दाखवलं. पाणी असं की पलीकडचा माणूस दिसावा. पाहुण्यांनी मान डोलावली. एकाने विचारलं, एवढी स्वच्छ खडी असते का हो? साडूभाऊ म्हणाले, चांगल्या खाणीची असते. त्या उत्तराचा त्यांना त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. अहवाल गेला, खडी पास झाली, काही दिवसांत शाळेचा स्लॅब ओतला गेला.

बाहेरच्या नळाचं पाणी एका कुंडीत जाऊन मग गटाराला लागायचं. गाळ बसावा म्हणून ती कुंडी. साडूभाऊ ती अधूनमधून स्वतः साफ करत, दुसऱ्याने केलेलं त्यांना पटायचं नाही. पाहुणे येऊन गेल्यावर बऱ्याच दिवसांनी त्यांनी ती उपसली, तर तळाला पिवळ्या चिकणमातीचा थर. बोट रुतेल एवढा. ते पहिल्यांदा चिडले की इथे कुणी काय धुतलं. मग तसेच उकिडवे बसून राहिले. त्या नळावर अलीकडे एकानेच काही धुतलं होतं.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. डब्याच्या झाकणात तो मातीचा गोळा. माझ्या बायकोला वाटलं चेहऱ्याला लावायची माती आणली, तिने बोट बुडवून पाहिलं आणि विचारलं, कुठे मिळाली हो, मऊ आहे. साडूभाऊंना रडू यायचं बाकी होतं. मी तिला आत पाठवलं. मग त्यांनी मला सगळं सांगितलं, वर सांगितलं तसंच, पण तुटक तुटक. मी म्हणालो, उद्या जाऊन साहेबांना सांगून टाका. साहेब म्हणजे त्यांच्या वरिष्ठ बाई, त्यांना सगळे मॅडम म्हणत. ते म्हणाले, सांगतो.

नाही सांगितलं.

आता हा माणूस खोटा नव्हता. तो रोज सांगायला जायचा आणि रोज काहीतरी आड यायचं. एकदा मॅडम फोनवर होत्या. एकदा त्यांनीच आधी हसून सांगितलं की पाहुणे खूश होते, यंत्रं मंजूर होतील. तेव्हा तोंड उघडेना. एकदा ठोक्याशी बोलून मन हलकं करावं म्हणून त्याच्या कानाशी गेले, तर नुसतं "शाळेच्या खडीचं" एवढं म्हणताच ठोक्या गरजला, "शाळेच्या खडीचं काय?" अख्ख्या प्रयोगशाळेने माना वळवल्या. साडूभाऊ म्हणाले, काही नाही, चांगली होती. म्हणजे खोटं आणखी एकदा बोललं गेलं आणि तेही मोठ्याने.

मग त्यांनी मनाची समजूत घालायला सुरुवात केली. बांधकामात थोडी सूट धरलेली असतेच. माती काही फार नसेल. आणि सगळ्यात मोठा आधार ठोकळ्यांचा. स्लॅब ओततात तेव्हा त्याच काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवतात आणि महिनाभराने यंत्रात दाबून फोडतात. काँक्रीट कच्चं असेल तर ठोकळाच सांगेल, आपल्याला सांगावं लागणार नाही. त्या महिन्यात त्यांचा आहार अर्धा झाला. मेहुणी आम्हाला म्हणाली, हे हात धुवायला जातात आणि नळ बंद करायचं विसरतात.

ठोकळे फुटले आणि पास झाले. ठोक्याने ओरडून सांगितलं, धुवटराव, तुमच्या पोरीची शाळा लोखंडाची झाली. साडूभाऊ हसले म्हणे. पण त्यांना माहीत होतं की ठोकळे भरताना हात फार मायेने चालतो. चांगला माल निवडून घेतात, टोचून टोचून भरतात. स्लॅबच्या वाट्याला ती माया येत नाही. ठोकळा पास झाला म्हणजे फक्त ठोकळा पास झाला. सुटका होण्याऐवजी आता त्यांचा शेवटचा आधारही गेला.

त्यात मुलीने हौसेने बोलावलं, बाबा, माझा वर्ग बघायला या. ते गेले. खालचे टेकू काढलेले, भिंती अजून व्हायच्या होत्या. मुलगी त्या छताखाली मधोमध उभी राहून दाखवत होती, इथे फळा, इथे खिडकी, आणि वर पंखा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी मुलांना घेरी येते, एकीला तर उलटी झाली होती, पुढच्या सत्रापासून ते संपणार. हे सगळं ती वर बोट दाखवून सांगत होती आणि साडूभाऊ वर बघत नव्हते. ती म्हणाली, "बाबा, वर बघा ना." तेव्हा त्यांनी वर बघितलं.

तिथून ते घरी गेले नाहीत. थेट मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले आणि फोन चालू असतानाच सांगून टाकलं. मॅडमनी फोन ठेवला. ओरडल्या नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाच विचारलं की कुंडीतली माती ठेवली आहे का. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. इतक्या उशिरा सांगितलंत हे बरं केलं नाहीत. मी दोन्ही लिहिणार आहे."

साडूभाऊ म्हणाले, लिहा. मला पुढे सांगत होते की त्या क्षणी त्यांना त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. कुणीतरी एकदाची शिक्षा तोलून हातात ठेवली, कमी नाही, जास्त नाही.

शाळेवर त्याच खाणीची खडी अजून पडून होती. मॅडम स्वतः गेल्या, ढिगाच्या वरून, मधून, खालून घेऊन आल्या. स्वतः वाटे केले, स्वतः धुतली. साडूभाऊ मागे हात बांधून उभे. पहिलंच पाणी चहासारखं निघालं. ठोक्याने भांड्यात डोकावून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता आपल्या यंत्राकडे निघून गेला.

मग स्लॅबला भोकं पाडून काँक्रीटचे गोल तुकडे काढले, मुळ्यासारखे. ते दाबून पाहिले. बहुतेक ठिकाणी निभावण्याजोगं होतं, पण एका खणात, म्हणजे दोन तुळयांमधल्या भागात, जोर कमी भरला. एक तुकडा तर यंत्रात फुटला तेव्हा आतले दगड अख्खेच्या अख्खे निसटून आले, अंगावर पिवळी साय. साडूभाऊंनी त्यातला एक उचलला, नेहमीसारखा अंगठ्याने घासला आणि अंगठा बघितला. हुंगला मात्र नाही.

तो खण पाडायचा ठरला. मुलीच्या वर्गावरचाच. पाडतात त्या दिवशी साडूभाऊ रजा काढून तिथे जाऊन उभे राहिले. मी म्हणालो होतो, कशाला जाता, कुणी बोलावलंय का. ते म्हणाले, दादा, न बोलावता जाण्यासारखीच जागा आहे ती. मीही सोबत गेलो. गवंड्याला कुणीतरी सांगितलं होतं हा माणूस कोण ते. वरून तो म्हणाला, "काका, जरा लांब उभे राहा, धूळ उडते. तुम्हाला धूळ चालत नाही ना." खालचे चारदोन मजूर हसले. साडूभाऊ लांब झाले नाहीत. घरी आले तेव्हा पांढरेफटक, भुवयांसकट. मेहुणीने अंघोळीला पाणी काढलं तर म्हणाले, राहू दे जरा वेळ.

आणि गंमत बघा. लोकांनी त्यांना चांगलं ठरवलं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी सगळ्या मुलांना मैदानात उभं करून सांगितलं की या गृहस्थांनी स्वतःची नोकरी धोक्यात घालून तुमचे जीव वाचवले, टाळ्या वाजवा. मुलांनी उन्हात उभं राहून टाळ्या वाजवल्या. साडूभाऊंना पळून जावंसं वाटलं. नोकरी गेली नाही, बढती तेवढी थांबली, आणि त्याचंही त्यांना काही नव्हतं. त्यांना खात होतं दुसरंच. ते त्यांनी मला चालता चालता सांगितलं.

"दादा, महिनाभर त्या छताखाली मला चारशे पोरं दिसली नाहीत. माझी एकटी दिसली आणि मी धावत सुटलो. ती दुसऱ्या शाळेत असती तर?"

मी म्हणालो, असती तर असती, तुम्ही सांगितलंत ना शेवटी. अशा वेळी माणूस जे बोलतो ते बोललो. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं, म्हणजे ते मेहुणीपर्यंत पोचलंच.

मुलगी मात्र बापाशी धड बोलत नव्हती. खण परत ओतायचा, सुकायचा, म्हणजे आणखी एक सत्र पत्र्याखाली. उन्हाळा तोंडावर आलेला. साडूभाऊंनी डबा द्यायचं निमित्त काढलं आणि मलाही बरोबर घेतलं, एकटं जायची हिंमत नव्हती म्हणून. मधली सुट्टी होती, शेड रिकामी. पत्रा असा तापलेला की आत पाऊल टाकताच अंगाला वाफ लागावी. मुलीने डबा घेतला, मला बसायला खुर्ची दिली, बापाला बाक दाखवला. बराच वेळ वह्या तपासत राहिली. मग मान वर न करता म्हणाली,

"आईने मला सांगितलं तुम्ही काकांना काय म्हणालात ते. खरं सांगा बाबा, मी इथे नसते तर सांगितलं असतंत?"

मी मध्ये पडणार होतो. तिने हाताने थांबवलं.

पत्र्यावर कावळ्याची पावलं वाजत होती. साडूभाऊ म्हणाले, "माहीत नाही, बेटा. रोज विचार करतो. माहीत नाही."

तिने पेन खाली ठेवलं. "सांगितलं असतं म्हणाला असतात ना, तर मी आज तुमच्याशी बोलले नसते." डबा उघडला, अर्धी पोळी तोडून त्यांच्या हातात दिली. "खा. तुमचं जेवण कुठे झालंय."

ते खाऊ लागले.

तेवढ्यात घंटा झाली आणि मुलं घामेजलेली आत घुसली. दोन म्हातारे बघून थबकली; मैदानात लांबून टाळ्या वाजवलेला माणूस जवळून कुणाला ओळखू आला नाही. पुढच्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीने विचारलं, हे कोण? बाईंनी सांगितलं, हे माझे बाबा, हे खडी धुतात. वर्गभर खसखस पिकली. ती मुलगी म्हणाली, "दगड कशाला धुवायचे? ते काय खायचेत?"

साडूभाऊ उभे राहिले. टाळ्यांच्या वेळी ते एक शब्द बोलले नव्हते, इथे मात्र खडू उचलून फळ्यावर एक गोल काढला, त्यावर अधिकाचं चिन्ह केलं. आणि डोक्यावरचा पत्रा तडतडत असताना त्या पोरांना पहिल्यापासून सांगायला लागले की दगड कधी धुवायचे, कधी धुवायचे नाहीत, आणि त्यांनी कधी धुतले म्हणून हा वर्ग अजून इथेच आहे. हसणं हळूहळू थांबलं. एका मुलाने घाम पुसत विचारलं, "म्हणजे तुमच्यामुळे आम्ही उकडतोय?"

"हो," साडूभाऊ म्हणाले. "माझ्यामुळे."